देवदूत दिसणं वेगळं आणि देवदूताचा धावा करणं वेगळं

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांबद्दल बोलताना या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. देवदूत तर सगळेच मानायचे, पण दृष्टांताला, म्हणजे देवाने दाखवलेल्या दृश्याला, मान होता आणि देवदूतांची नावं घेऊन धावा करण्यावर पुढे चर्चने चक्क बंदी घातली.

दृष्टांत बघायचा तर पर्पेतुआचा बघा. साल 203, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तुरुंग, ख्रिस्ती म्हणून पकडलेली बावीसेक वर्षांची पोर, अंगावर पिणारं बाळ. भाऊ म्हणतो ताई, दृष्टांत माग, आपण मरणार की सुटणार ते तरी कळू दे. ती मागते आणि तिला दिसते आभाळाला भिडलेली ब्राँझची शिडी, एकावेळी एकच जण चढेल इतकी अरुंद, दोन्ही बाजूंना तलवारी नि आकडे, पायथ्याशी अजगर, आणि वर पांढऱ्या केसांचा मेंढपाळ धारा काढतोय, तो तिला चीजचा घास देतो. जाग आली तरी तोंडात गोड चव होती, आणि सुटका नाही हे तिला कळून चुकलं. आता कोणी म्हणेल तिनेही मागितलंच की! हो, पण देवाकडे मागितलं, आणि मिळालं ते नको असलेलं उत्तर, तेही तिने घेतलं.

धाव्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं: ताप उतरव, विंचवापासून वाचव, शत्रूला आडवा कर. इजिप्तमधे असे पपायरसचे ताईत सापडलेत, मीखाएल, गब्रीएल अशी देवदूतांची नावं लिहून घडी घातलेले. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) धर्मसभेने सांगितलं की चर्च सोडून देवदूतांचा धावा करत फिरू नका, ही छुपी मूर्तिपूजा आहे. लगेच पुढचा नियम पाळकांसाठी, ताईत बनवू नका! म्हणजे बनवणाऱ्यांत तेही होते.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात तर दोन्ही एकाच प्रसंगात येतं, योहान सगळं बघून देवदूताच्या पाया पडायला जातो तर तो म्हणतो असं करू नको, मीही तुझ्यासारखाच दास, देवाला नमन कर.

मला मात्र त्या ताईतवाल्यांना नुसतं अंधश्रद्धाळू म्हणवत नाही, पोरगं तापाने फणफणलं असताना ज्याचं नाव आठवेल त्याला माणूस हाक मारणारच, आणि बंदीने ते थांबलंही नाही, पाचव्या शतकात थिओडोरेट नावाचा बिशप लिहितो की फ्रुगिया-पिसिदिया भागात (हाही आजच्या तुर्कस्तानात) हे बराच काळ चालू राहिलं आणि मीखाएलची प्रार्थनास्थळं तिथे त्याच्या काळातही दिसत होती.