उसण कुणाच्या कामावर भरली?

गोव्यात डिचोलीतला माझा एक शेजारी कंबरेला पट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. खाणीवर बारा वर्षं डंपर, मग काही काळ दुसऱ्याच्या ट्रकवर चालक, आणि आता कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत गोण्या उचलण्याचं काम. पहिली उसण खाणीवर भरली. बाम चोळला, दोन रात्री शेक घेतला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवर. शेवटची भरली ती कारखान्यात, गोणी खांद्यावर घेताना. तेव्हापासून डावा पाय बधिर आहे. एमआरआयच्या कागदावर एल फोर-एल फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी सरकल्याचं लिहिलंय आणि त्याच्याच खाली झीज जुनी असल्याचंही. कारखाना ‘जुनी’ या शब्दावर बोट ठेवतो: हे दुखणं तू खाणीवरून घेऊन आलास. खाणवाले म्हणतात, आमच्याकडून गेलास तेव्हा धडधाकट होतास.

या भांडणाचं मूळ कायद्यातल्या एका शब्दात आहे: अपघात. आपला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि त्याची भाषा बरीचशी १८९७ च्या ब्रिटिश कायद्यावरून घेतलेली होती. कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघाताने इजा झाली तर मालक भरपाई देणं लागतो. पण यंत्राचं अडलेलं चाक जोर लावून फिरवताना पोटात काही फाटलं, तर तो अपघात का? काही कोसळलं नाही, कुणी पडलं नाही. १९०३ साली फेंटन विरुद्ध थॉर्ली या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने, उत्तर दिलं: हो, अनपेक्षितपणे झालेली इजा हाही अपघातच. जड उचलताना कंबर धरलेल्या कामगाराला दाद मागता येते ती या निकालाच्या वाटेने. आधीपासून आजारी असलेल्या माणसाचं काय, हा पुढचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात आला. १९५४ च्या कायदेवृत्तांत छापलेल्या त्या निकालाचं सूत्र असं की, आजार आधीचा असला तरी कामाच्या ताणाने तो बळावला असेल, तर मालकाला हात झटकता येत नाहीत. कुंडईच्या कारखान्याला दिलं जाऊ शकणारं हे सगळ्यात थेट उत्तर आहे.

मात्र त्यासाठी ताण दाखवता आला पाहिजे: अमुक दिवस, अमुक पाळी, अमुक गोणी. पाठ तशी मोडत नाही. डंपरच्या सीटवर रोज आठ-दहा तास हादरे बसत राहतात, मणक्यामधली गादी थोडी थोडी दबत जाते आणि एके दिवशी बादली उचलतानाही चमक भरते.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढेच. अनेक मालकांकडे मिळून जडलेल्या दुखण्याची सोय याच कायद्यात होती. तिसऱ्या परिशिष्टाच्या ‘क’ भागात सिलिकोसिससारखे धुळीने होणारे फुफ्फुसांचे आजार होते. असा आजार एकाहून जास्त मालकांकडे काम करून झाला असेल, तर कलम ३(२अ) प्रमाणे सगळ्यांनी मिळून भरपाई द्यायची, कुणाचा वाटा किती ते भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त ठरवणार. म्हणजे फुफ्फुसांसाठी वाटणी मान्य आहे. कंबरेचं नाव यादीत नाही. यादीबाहेरच्या आजाराला कलम ३(४) लागायचं आणि ते पुन्हा एखाद्या ठरावीक अपघाताकडेच बोट दाखवायचं. ज्या कपारीत माझा शेजारी अडकलाय ती हीच. कॅलिफोर्नियात हळूहळू साठत गेलेल्या इजेला स्वतंत्र मान्यता आहे आणि तिची जबाबदारी शेवटच्या एका वर्षातल्या मालकांवर टाकली जाते. ती पद्धत निर्दोष आहे असं नाही, पण कामगाराला दार तरी सापडतं.

गोव्यात हा गुंता वाढला तो खाणी बंद पडल्याने. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काम थांबलं. पुढे सुरू झालं तोच ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा शुकशुकाट. सांगे, सावर्डे, डिचोलीची माणसं मिळेल त्या कामाला लागली: वेर्ण्याच्या कारखान्यांत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, सुरक्षारक्षक म्हणून दारांवर. त्यात कायदाही बदलत गेला. खाण कायद्याखालच्या खाणी राज्य कामगार विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, कारखान्याच्या व्याख्येतच बसत नव्हत्या. तिथली इजा १९२३ च्या कायद्याखाली, मालकाच्या खिशातून. कारखान्यात पगार २१,००० च्या आत असला की ईएसआय, आणि अपंगत्व ठरवणार वैद्यकीय मंडळ. एकाच पाठीचे दोन तुकडे दोन दारांत.

कंत्राटदाराचा माणूस असला तर १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडे जाता येत होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नोकरी सोडताना ‘फुल अँड फायनल’वर सही केली की हक्क संपला, असंही लोक धरून चालतात. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क असा लिहून देता येत नव्हता. मुदत मात्र कडक आहे: अपघातापासून दोन वर्षं. उशिराचं कारण पटलं तर आयुक्त अर्ज घेऊ शकतात, पण ते कारणही कामगारानेच दाखवायचं.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे दोन्ही कायदे पोटात घेतले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. आजारांची यादी तिच्यातही तिसऱ्या परिशिष्टातच आहे. कंबर तिथंही नाही. ती यायला हवी, वाटणीच्या तरतुदीसह, असं मला मनापासून वाटतं.

शेजाऱ्याने परवा पत्र्याची पेटी उघडून दाखवली. खाणीचा गेटपास, पगाराच्या पावत्या, बोनसचं पाकीट, सगळं जपून ठेवलेलं. पहिली उसण भरली त्या दिवसाचा कागद नाही. बाम त्याने गाड्यावरून विकत घेतला होता.