मे महिन्यातही शांत राहणारा कॉम्प्युटर

ग्वाल्हेरमध्ये कॉम्प्युटरचा आवाज ऋतूप्रमाणे बदलतो. जानेवारीत खोलीत १५ अंश असतात तेव्हा मशीन चालू आहे की बंद, हे दिव्याकडे बघून ठरवावं लागतं. तेच मशीन मेच्या दुपारी घरघरत असतं. दुरुस्तीला नेलं की सहसा फॅन बदलून मिळतो. चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच, कारण फॅनला मुळात काही झालेलंच नसतं.

हिशेब साधा आहे. प्रोसेसरमधली उष्णता हवेत जाते ती दोघांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. प्रोसेसर ७५ अंशांवर ठेवायचा असं धरलं, तर जानेवारीत हा फरक ६० अंशांचा असतो. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली की उरतात ३५. काम तेवढंच, वॅट तेवढेच, पण ते बाहेर काढायला हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याला, जवळजवळ पावणेदोन पट कार्यक्षम व्हावं लागतं. हवा जास्त फेकली म्हणून उष्णता त्याच प्रमाणात जास्त निघत नाही, त्याहून कमीच निघते. त्यामुळे फॅन दुपटीच्या आसपास वेगाने फिरायला लागतो. आणि फॅनचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो: वेग दुप्पट झाला की सुमारे १५ डेसिबल. १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट आवाजासारखी वाटते, म्हणजे ही वाढ जवळजवळ तिप्पट झाली.

म्हणून माझं म्हणणं असं, की कॉम्प्युटरचा आवाज हा आधी उष्णतेचा प्रश्न आहे. कॅबिनेटला आतून फोम चिकटवून, किंवा ते टेबलाच्या कपाटात कोंबून आवाज झाकायला गेलं, तर उष्णता आत अडकते आणि फॅन आणखी जोरात फिरतो. मुळात उष्णता कमी निर्माण करावी, आणि जी होईलच तिला भरपूर पृष्ठभाग आणि संथ हवा द्यावी. बाकी सगळं यानंतर.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत आजही सकाळी रियाज चालतो, आता त्यात ऑनलाइन शिकवण्या आहेत, आणि जुन्या कॅसेटींवरच्या मैफली कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याचं काम आहे. आपला कान सवयीने घरघर बाजूला सारतो. मायक्रोफोन ती तशी सारत नाही. इथे शांत कॉम्प्युटर ही कामाची गरज आहे.

उष्णता कमी करण्याचा पहिला उपाय फुकटात होतो. प्रोसेसर चालताना जी वीज खातो ती ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. दोन्ही १० टक्क्यांनी खाली आणले तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३. वेग एक दशांश घटला आणि उष्णता पावपटीहून जास्त घटली. कंपन्या प्रोसेसर विकतात तेव्हा तो शेवटच्या दोन-चार टक्के वेगासाठी खूप जास्त वीज खाईल असा बसवलेला असतो, कारण तुलनेच्या तक्त्यांत तेच आकडे बघितले जातात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वॅटवर आणली, किंवा इको मोड असेल तर तो लावला, तर पत्रं, ब्राउझर, रेकॉर्डिंग, घरातले फोटो यांत फरक जाणवतही नाही. गेम खेळायचे नसतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नये. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं आणि उष्णतेचा एक मोठा उगम आणि त्याचे दोन-तीन फॅन आपोआप वजा होतात.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारं खोकं, घेताना मात्र पैसे वाचवू नयेत. मशीनला २०० वॅट लागत असतील आणि एसएमपीएस ९० टक्के कार्यक्षम असेल तर त्याच्या आत २२ वॅटची उष्णता होते. ७५ टक्क्यांचा असेल तर तीच ६७ वॅट. म्हणून ‘८० प्लस गोल्ड’ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा घ्यावा. कमी भार असताना ज्याचा फॅन पूर्ण थांबतो असा मिळाला तर उत्तमच.

आता फॅन. लोकांना वाटतं, फॅन कमी तर आवाज कमी. दोन एकसारखे फॅन एकाच वेगाने लावले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, हे खरं. पण दोन फॅन असले की प्रत्येकाला निम्म्या वेगाने फिरवता येतं, आणि त्याने १५ डेसिबल घटतात. हवा जवळपास तेवढीच, आवाज १२ डेसिबलने कमी. आकाराचा फायदा तर याहून मोठा आहे. फॅन किती हवा हलवतो हे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असतं. ८० मिलिमीटरचा फॅन मिनिटाला २००० फेऱ्यांनी जी हवा देतो ती १२० मिलिमीटरचा साधारण ६०० फेऱ्यांत देतो. तो ६०० फेऱ्यांचा आवाज रात्री कान लावूनसुद्धा जेमतेम ऐकू येतो.

हीटसिंकही तसाच मोठा, उभ्या मनोऱ्याचा घ्यावा. त्यात तांब्याच्या वाकलेल्या नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी घालून त्या बंद केलेल्या असतात. दाब अगदी कमी असल्यामुळे ते पाणी १०० अंशांची वाट न बघता प्रोसेसरच्या साध्या उबेवर उकळतं, वाफ नळीच्या थंड टोकाला जाते, तिथे पातळ पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत खाली येते. ना पंप, ना मोटर. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी प्रत्यक्ष करून दाखवली. इतकं सुंदर यंत्र इतक्या गुपचूप काम करतं याचं मला दरवेळी नवल वाटतं.

एक छोटी सेटिंग कितीतरी घरांत चुकलेली असते. चार पिनांचा फॅन दर सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणाऱ्या संकेतावर वेग ठरवतो. हा आकडा मुद्दाम माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे २०,०००च्या, वर ठेवलेला आहे. तीन पिनांच्या फॅनला हा संकेत कळतच नाही, त्याचा वेग व्होल्टेजने बदलतो. बायोसमध्ये त्या फॅनच्या जागेला पीडब्ल्यूएम, म्हणजे हा चालू-बंद संकेत, निवडलेलं असेल तर तीन पिनांचा फॅन कायम पूर्ण वेगाने पळतो. डीसी, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणं, निवडलं की प्रश्न संपला. तिथेच फॅनच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब द्यावा. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारून परत येतं, आणि प्रत्येक उडीबरोबर फॅन हुंकारला तर त्याचा त्रास एकसारख्या घरघरीपेक्षा जास्त होतो.

एवढं करूनही आवाज राहिला तर तो कुठून येतो हे शोधावं लागतं. दौलतगंजात एक काकू गाणं शिकवतात. त्यांच्या ऑनलाइन वर्गात पुण्याच्या आणि अमेरिकेच्या मुलींना सारखी गुणगुण ऐकू यायची. "अरे, माझ्या तानपुऱ्यात हा तिसरा कोण बोलतोय, ते शोधून दे," त्या म्हणाल्या. फोनवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं एक मोफत ॲप घेतलं आणि फोन कॅबिनेटजवळ धरला. पडद्यावर तीन ठिकाणी सुळके उभे राहिले: १०० हर्ट्झला, १२० हर्ट्झला, आणि १४०च्या आसपास दोन, एकमेकांना चिकटून.

या आकड्यांतच उत्तर असतं. १२० म्हणजे हार्डडिस्क. ती मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, सेकंदाला बरोबर १२०. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबला आणि आवाज एकदम बसला. याचा अर्थ डिस्क स्वतः हळूच बोलत होती, पत्रा ते मोठ्याने सांगत होता. डिस्कखाली रबराचे वायसर आले. पुढे त्यांनी एसएसडी घेतली, तिच्यात फिरणारं काही नसतंच, आणि जुनी डिस्क फक्त बॅकअपपुरती जोडतात.

१४० हर्ट्झ म्हणजे फॅन. मिनिटाला १२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०, आणि पाती सात, म्हणून १४०. दुसरा फॅन १२१२ फेऱ्यांवर होता, त्याचे झाले १४१.४. असे दोन जवळचे स्वर मिळून सेकंदाला एक-दीड वेळा वर-खाली होणारी लहर तयार होते, तिला भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित न जुळलेल्या असतात तेव्हा जी लहर ऐकू येते, ती हीच. काकूंना हे सांगायची गरज पडली नाही, त्यांनीच ते मला गाऊन दाखवलं. दोन फॅन अगदी एका वेगावर आणणं अवघड असतं. त्याऐवजी एक ९०० फेऱ्यांवर आणि एक १२०० वर असे लांब नेऊन ठेवले की लहर मोडते.

१०० हर्ट्झचा सुळका कॉम्प्युटरचा नव्हताच. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला-आवळला जातो, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. हा ट्रान्सफॉर्मर टेबलाखालच्या यूपीएसमधला, आणि तो यूपीएस फरशीवर उभा होता. तो घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवला आणि सुळका निम्म्याहून खाली आला. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर घर चालू असताना हीच गुणगुण जास्त कर्कश होते, छताचा पंखासुद्धा गुरगुरतो. तेव्हा कॉम्प्युटर उघडून बसू नये.

एखादा फॅन बोलतोय अशी शंका असेल तर मशीन बंद करून त्याची वायर काढावी आणि मिनिटभर चालवून ऐकावं. प्रोसेसरच्या फॅनबाबत हे करू नये. एसएमपीएसचं खोकं मात्र घरी कधीही उघडू नये. २३० व्होल्टचा प्रवाह सरळ केला की त्यातल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त साठतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथे असतात.

आणखी एक बारीक, चिरका आवाज असतो, माउस हलवला किंवा पान सरकवलं की बदलणारा. तो मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्डावरच्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा. भार झपाट्याने कमी-जास्त झाला की तिच्यातलं चुंबकीय बल तारेला हलवतं. कान २००० ते ५००० हर्ट्झमध्ये सगळ्यांत तीक्ष्ण असतो आणि हा आवाज नेमका तिथे येऊ शकतो, म्हणून एवढासा असूनही टोचतो. यंत्राला त्याने अपाय होत नाही. गेममध्ये फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांची, मर्यादा सेकंदाला ६० केली तर बऱ्याचदा जातो.

आता खोलीकडे वळू, कारण जुन्या ग्वाल्हेरातल्या खोल्या वेगळ्या आहेत. जाड दगडी भिंती, दगडी छत, खाली फरशी. अशा खोलीत आवाज मरत नाही, भिंतीवरून भिंतीवर फिरत राहतो. म्हणून कॅबिनेट टेबलापासून दूर सरकवून फारसा उपयोग होत नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक व्याख्यानगृह सोपवलं होतं. तिथे एका शब्दाचा घुमारा सुमारे साडेपाच सेकंद राहायचा. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, एकेक ओळ वाढवत घुमारा मोजला आणि पहाटेपूर्वी परत नेल्या. त्यातून नियम निघाला: घुमण्याचा काळ खोलीच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतो आणि शोषणाच्या प्रमाणात घटतो. शोषण दुप्पट केलं की घुमत राहिलेला आवाज ३ डेसिबल उतरतो, तिप्पट केलं की जवळपास ५. गादी, लोड, सतरंजी, जाड पडदा आपल्या बैठकीत असतातच. ते रेकॉर्डिंगच्या खोलीत आणले तर कॉम्प्युटरला हात न लावता फरक पडतो.

धूळ हा इथला कायमचा मुद्दा आहे. लू सुटली की हवेबरोबर बारीक माती येते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. हवा आत घेणाऱ्या जागी जाळी असावी आणि आत घेणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. दिवाळीच्या सफाईत आणि एकदा मार्चअखेर ब्लोअर मारावा, मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवावं. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते, तेव्हा ती बदलावी.

कूलरचं पाणी खारं असतं, त्याचे तुषार सुकले की पांढरा थर राहतो, म्हणून कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात नको. एरवी कूलर मदतच करतो, कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली दहा अंशांनी उतरवतो. तो चालू असताना कॉम्प्युटर कितीही बोलला तरी ऐकू येत नाही. अडचण रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद केल्यावर सुरू होते. खोली तापत जाते आणि विसाव्या मिनिटाला, नेमका ख्याल रंगात आला असताना, फॅन चढतो. तेवढ्या वेळापुरता कॉम्प्युटर पॉवर सेव्हरवर टाकावा, रेकॉर्डिंगला ताकद लागतच नाही.

मग बिनफॅनचाच का घेऊ नये? घ्यावा, पण काम बघून. २०२० साली आलेल्या एम१ प्रोसेसरच्या मॅकबुक एअरमध्ये फॅनच नाही, आणि काही मिनी पीसीही असे मिळतात. गाणं रेकॉर्ड करायला, शिकवायला ते अगदी योग्य. ४० अंशांच्या खोलीत त्यावर तासाभराचा व्हिडिओ तयार करायला घेतला, तर तापू नये म्हणून ते स्वतःच वेग कमी करतात आणि काम रेंगाळतं. ज्यांचं असं काम रोजचं आहे त्यांनी मोठा हीटसिंक आणि १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन-तीन संथ फॅन असलेलं कॅबिनेट जुळवावं, आणि फॅनचे वेग उन्हाळ्यात, दुपारी, पूर्ण भार देऊन ठरवावेत.