चानो पोसो : जॅझमध्ये कोंगो आला, त्यामागची गोष्ट

'मान्तेका' ही रचना अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या नावावर ओळखली जाते. ३० डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली तेव्हा बँड त्याचाच होता. पण तिचा पाया घातला तो हवानाहून आलेल्या, नोटेशन वाचता न येणाऱ्या चानो पोसो या ढोलवादकाने. त्याचं वाद्य कोंगो, म्हणजे हातांनी वाजवायचा उंच क्यूबन ढोल. त्याला आजही नुसता 'साथीदार' म्हटलं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं.

लुसियानो 'चानो' पोसो ७ जानेवारी १९१५ ला हवानात जन्मला आणि 'सोलार'मध्ये, म्हणजे चौकाभोवतीच्या चाळवजा खोल्यांत वाढला. शाळा जेमतेम झाली, पोरवयात सुधारगृहही पाहिलं. तालाची तालीम मात्र पक्की होती. योरुबा परंपरेतून आलेली लुकुमी उपासना आणि अबाक्वा हे पुरुषांचं गुप्त बंधुमंडळ, या दोन्हींत तो मुरलेला होता. अबाक्वाची मुळं आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेवरच्या क्रॉस रिव्हर भागात. तिथून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची ही परंपरा क्यूबात १८३६ च्या सुमारास, हवानाच्या खाडीपलीकडच्या रेग्लात रुजली. तिथे ढोल गाण्यामागे वाजत नाही, अख्खा विधी ढोलावर चालतो. चानोच्या वादनातला अधिकार तिथला आहे.

याच ढोलांवर सत्ताधाऱ्यांची वक्रदृष्टी होती. कार्निव्हलमध्ये वस्त्यावस्त्यांतून निघणाऱ्या नाचमिरवणुका, म्हणजे कोम्पार्सा, कित्येक वर्षं बंद होत्या. १९३७ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 'लोस दान्दिस दे बेलेन' या कोम्पार्सातून चानोचं नाव गाजलं. त्याची गाणी मिगेलितो वाल्देससारखे नावाजलेले गायक गाऊ लागले.

न्यूयॉर्कमध्ये मारियो बाउसा हा क्यूबन ट्रम्पेटवादक माचितोच्या बँडमधून १९४३ पासूनच जॅझ आणि क्यूबन ताल एकत्र आणत होता. गिलेस्पीला कोंगोवादक हवा होता, बाउसाने चानोचं नाव सुचवलं. २९ सप्टेंबर १९४७ ला कार्नेगी हॉलमध्ये चानो गिलेस्पीच्या बँडबरोबर वाजवायला बसला.

जुळवून घेणं सोपं नव्हतं. जॅझवाल्यांचा स्विंग झोके घेत चालतो, तर क्यूबन ताल क्लावेच्या, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या आधार-ठेक्याच्या, पाच ठोक्यांवर घट्ट बांधलेला. इंग्रजी चानोला जेमतेम येई, म्हणून बसच्या प्रवासात तो एकेकाच्या हाती ढोल देई, प्रत्येकाला वेगळा ठेका शिकवी आणि सगळे एकमेकांत गुंफून वाजवायला लावी. बासवादक अल मॅकिबन तिथेच तयार झाला. 'मान्तेका'ही अशीच, तोंडी उभी राहिली: बासने काय वाजवायचं, सॅक्सोफोन कुठे यायचे, ब्रासने (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) काय उत्तर द्यायचं, हे चानोने गाऊन दाखवलं. मधला सोळा मात्रावर्तनांचा जॅझ वळणाचा भाग गिलेस्पीने जोडला, बँडसाठी मांडणी गिल फुलरने केली. संगीतकार जॉर्ज रसेलच्या 'क्यूबाना बी, क्यूबाना बॉप' या याच बँडच्या रचनेत तर चानोचं विधिगायनच मध्यभागी आहे.

१९४८ च्या सुरुवातीला बँड युरोपला गेला. त्याच वर्षी २ डिसेंबरला हार्लेममधल्या एका बारमध्ये, गांजाच्या व्यवहारावरून झालेल्या भांडणात चानोला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३३. गिलेस्पीबरोबरचा काळ जेमतेम सव्वा वर्षाचा.

त्यानंतर मोंगो सांतामारिया, कांदिदो कामेरो, रे बारेटो यांनी कोंगोला जॅझमध्ये कायमची जागा मिळवून दिली. चानोचं ध्वनिमुद्रण फार थोडं उरलं आहे. त्यातली फेब्रुवारी १९४८ ची पॅरिसच्या साल प्लेयेल या सभागृहातली मैफल आधी ऐकावी. स्टुडिओतल्या तीन मिनिटांच्या तबकड्यांत न मावलेला चानो तिथे भेटतो.