वासोट्याला येताय? नकाशात 'कोयना' टाकू नका, 'बामणोली' टाका

नमस्कार मंडळी,

वासोटा किल्ल्याच्या चढाईचं बुकिंग केलेल्या प्रत्येकाला आम्ही बामणोलीहून हा कागद पाठवतो. लांब आहे, मान्य. पण शनिवारी सकाळी सातच्या सुमाराला आम्हाला हमखास एक फोन येतो, तो बंद व्हावा म्हणून एवढं लिहिलंय. फोन असा असतो: "दादा, पोचलो एकदाचे! समोर धरण दिसतंय. बोट कुठं लागलीय?"

आमच्या इथनं धरण दिसत नाही. तुम्हाला धरण दिसत असेल, तर तुम्ही कोयनानगरला आहात, म्हणजे तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून पाटण, उंब्रज, सातारा, कास आणि मग बामणोली, असं उलटं यायला तीन-साडेतीन तास जातात. तोवर दहा-साडेदहा वाजतात आणि वासोट्याचा दिवस हातचा गेलेला असतो. मग पोरांचे चेहरे उतरतात, आणि बोलणी आम्ही खातो.

चूक तुमची आहे असं आम्ही म्हणत नाही. या जंगलाची रचनाच अशी आहे की नाव एक आणि दारं चार.

जंगल नेमकं कुठं आहे

कोयना नदी महाबळेश्वरला उगवते. घाटमाथ्यावरच्या बाकीच्या बहुतेक नद्या तडक पूर्वेची वाट धरतात, पण ही सुमारे ६५ किलोमीटर सह्याद्रीच्या मुख्य धारेला चिकटून सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकजवळ काटकोनात वळते आणि मग कुठं पूर्वेला निघते, ती कराडला कृष्णेला मिळेपर्यंत. त्या वळणावरच १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं. १९६४ साली ते पुरं झालं आणि मागचं सगळं खोरं पाण्याखाली गेलं. हाच शिवसागर जलाशय. लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र बेताची. नकाशात पाहिलंत तर एखादी लांबलचक भेग पडल्यासारखा दिसतो. वरच्या अंगाला तापोळा, जिथं सोळशी आणि कांदाटी कोयनेला भेटतात. त्याच्या खाली पूर्व काठावर बामणोली. आणि अगदी दक्षिणेच्या टोकाला धरण.

आता जंगल बघा. तलावाचा पश्चिम काठ आणि सह्याद्रीची धार यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरली, ते कोयना अभयारण्य. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कोकणात कोसळणारे कडे. गाडी जाईल असा रस्ता वासोट्याच्या पायथ्याशी नाहीच. बामणोलीपासून पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत सव्वा ते दीड तास बोटीत बसायचं, वनविभागाच्या चौकीवर नोंद करायची आणि मग दोन-अडीच तास चढायचं. "गाडी पायथ्यापर्यंत जाते ना?" हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून चारदा येतो. पायथ्यापर्यंत जाते ती बोट.

हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र ४२३ चौरस किलोमीटरच्या घरात. त्याच्या दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली. तेही १९८५चंच अभयारण्य, पण २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, ३१७ चौरस किलोमीटर. २०१०च्या जानेवारीत दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बाहेरचा बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, धरला तर साताऱ्यापासून सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीपर्यंत पसरलेला ११६५ चौरस किलोमीटरचा पसारा आहे हा. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली. त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

गोंधळ होतो तो इथंच. कुणी 'कोयना अभयारण्य' टाकतो आणि धरणावर जातो. कुणी 'चांदोली' टाकतो आणि शिराळ्याकडून मणदूरला जाऊन उभा राहतो. ते दारही खरंच आहे, पण त्या जंगलातून वासोटा गाठता येत नाही. एकदा एका मंडळींनी 'सह्याद्री व्याघ्र प्रकल्प' एवढंच टाकलं आणि थेट कोल्हापूर शहरात शिरले, कारण प्रकल्पाचं मुख्य कार्यालय तिथं आहे. त्या दिवशी त्यांनी महालक्ष्मीचं दर्शन घेतलं आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपून परत गेले. दिवस वाया गेला असं म्हणता यायचं नाही, पण बोटीत त्यांच्या जागा रिकाम्या गेल्या.

कोकणातून येणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. खेड तालुक्यातल्या चोरवण्याकडून नागेश्वराच्या, म्हणजे गुहेतल्या महादेवाच्या, ठाण्यावर चढणारी जुनी वाट आहे, शिवरात्रीला भाविक ती चढतात. ती वाट आहे म्हणून परस्पर अभयारण्यात उतरायचं नाही. परवानगीशिवाय आत सापडलात तर गुन्हा दाखल होतो, आणि तिथं आमची ओळख कामाला येत नाही.

सकाळी साडेसातला बामणोलीत पोचायचा आग्रह कशाला?

यावरून आमच्याशी वाद घालणारे बरेच आहेत. "सुट्टीच्या दिवशी जरा निवांत निघू द्या की!"

हिशेब असा. बोटीचे जाऊन-येऊन अडीच-तीन तास. चढ-उतार चार-साडेचार तास. गडावर तास-दीड तास, कारण बाबू कड्याशी गेलात की पाय लवकर निघत नाही. ही बेरीज साडेसात ते नऊ तासांपर्यंत जाते. नागेश्वर करायचं मनात असेल तर आणखी वाढते. गडावर आणि जंगलात मुक्कामाला बंदी आहे, ऊन कलायच्या आत चौकीवर परत यावंच लागतं. अंधारात खालच्या ओढ्याकाठी गवे पाण्याला उतरतात. गवा लाजाळू जनावर, पण हजार किलोच्या लाजाळूपणाची परीक्षा कशाला घ्या?

बोटी आमच्या नाहीत, बोट क्लबच्या आहेत आणि नंबरानं सुटतात. तुमचा नंबर गेला की पुढच्या बोटीची वाट बघावी लागते, आणि शनिवार-रविवारी ती लांबते. म्हणून आम्ही आगाऊ रक्कम घेतो आणि उशिरा आल्यास परत देत नाही. कडक वाटतं, पण वाटाड्याचा दिवस आणि बारा माणसांचा डबा आम्ही पहाटेच लावलेला असतो.

खरं सांगायचं तर सोपा उपाय आदल्या रात्री मुक्कामाला येणं हा आहे. पुण्यातून पहाटे तीनला निघून, घाटात पोरांना ओकाऱ्या काढायला लावून, डोळे तांबारलेल्या अवस्थेत चढण्यापेक्षा रात्री नाचणीची भाकरी, पिठलं आणि तलावातला ताजा मासा खाऊन झोपा. खोल्या साध्या आहेत, पाणी गरम मिळतं. आमच्याकडेच राहा असं नाही, गावात आणखी घरं आहेत. आमच्या ओसरीतून तलाव दिसतो एवढंच.

पावसाळ्यात का नाही?

पावसाळ्यात जंगल बंद असतं. उघडण्या-मिटण्याची तारीख वनविभाग ठरवतो, आम्ही नाही. या पट्ट्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओढे चढतात, वाटा खचतात, तलावावर वारं असं सुटतं की बोटवाला स्वतःच नको म्हणतो. त्यामुळे "कासची फुलं आणि वासोटा एकाच फेरीत" हे बहुतेकांना जमत नाही. कास भरात असतं तेव्हा वासोट्याला कुलूप असतं. दोनदा या. (हे आम्ही धंद्यापोटी म्हणतोय असं वाटलं तर तसं समजा.)

ऑक्टोबरात वाट उघडल्या उघडल्या आलात तर रान हिरवंगार आणि जळवा भरपूर. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात उत्तम. एप्रिल-मेमध्ये तलावाचं पाणी मागं हटतं, बोट लांब लागते आणि तापलेल्या चिखलातून जास्तीची चाल पडते. पण त्याच दिवसांत उघड्या पडलेल्या काठावर जुन्या बांधांच्या रेषा दिसतात. आमच्या आज्याची भातखाचरं त्यातच कुठंतरी आहेत. धरणानं उठवलेली माणसं कुणी ठाणे-रायगडकडे गेली, कुणी सोलापूर-सांगलीकडे. जी राहिली ती डोंगराला सरकली. पुढे अभयारण्य झालं तेव्हा आतली गावंही एकेक करून उठली. मेट इंदवलीला तुम्ही उतरता तिथं घरांची जोती दिसतील. तिथं डबा खाताना पाय जरा जपून ठेवा, कुणाचं तरी अंगण आहे ते.

आणि हे पाणी जातं कुठं, हेही लोक विचारतात. नदी पूर्वेला वाहणारी, पण तलावातलं पुष्कळ पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात, वीज करतात आणि ते वाशिष्ठीत जातं. घाटमाथ्याचा पाऊस असा कोकणातून समुद्राला मिळतो.

किल्ल्याबद्दल थोडं, चढण्याआधी

वाटाडे हे सगळं वर सांगतातच, पण वर धाप लागलेली असते, ऐकू कमी येतं.

ही जावळी. दाट रान आणि अडचणीचा मुलूख. १६५६ साली महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि त्यानंतर वासोटाही स्वराज्यात आला. त्यांनी त्याला नाव दिलं व्याघ्रगड. किल्ला मुळात शिलाहार भोजाचा मानतात. लढाईपेक्षा तुरुंग म्हणून तो जास्त कामाला आला, कारण इथून पळून माणूस जाणार कुठं?

पेशवाईच्या अखेरीला औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूनं ताई तेलिणीनं हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध महिनोन् महिने लढवला. धान्याच्या कोठारांना आग लागली तेव्हाच तिला तो सोडावा लागला. १८१८ साली इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला आणि किल्ला घेतला. गडावर तेव्हा दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते, आणि साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसंही तिथंच होती. समोर दिसणारा तो जुना वासोटा फक्त बघायचा. "तिकडं न्या, वर पैसे देतो" असं वाटाड्याला म्हणू नका. तो नेणार नाही, आणि नेलं तर आमच्याकडे पुन्हा कामाला येणार नाही.

वाघ दिसेल का?

नाही. म्हणजे दिसला तर तुमचं नशीब, पण त्याचे पैसे आम्ही घेत नाही. ताडोब्यासारखं मोकळं रान नाही हे. अंजनी, जांभूळ, हिरडा, खाली कारवीची गच्च जाळी. दहा हातांवर काय आहे ते कळत नाही. ताडोब्याकडची वाघीण आणून इकडे सोडण्याचं काम वनविभागानं २०२५च्या नोव्हेंबरात चांदोलीतून सुरू केलं, ही चांगली गोष्ट आहे. व्याघ्रगडाचं नाव पुन्हा खरं होईल. पण तुम्ही शेकरू बघा. झाडांकडे मान वर करून दोन मिनिटं गप्प उभं राहिलात तर शेकरू दिसतोच. भेकराचं भुंकणं ऐकू येतं. पहाटे चौकीजवळच्या मऊ मातीत अस्वलाचे, गव्याचे माग असतात, ते वाटाडा दाखवील. ब्लूटूथचा स्पीकर आणणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही, आणि तो स्पीकर आम्ही बोटीत चढतानाच ठेवून घेतो.

पिशवीत काय असावं

प्रत्येकाचं ओळखपत्र, मूळ किंवा झेरॉक्स. तळाची पकड शाबूत असलेले बूट. माणशी तीन लिटर पाणी, जमल्यास स्टीलच्या बाटलीत. चौकीवर प्लॅस्टिक मोजतात, अनामत घेतात आणि उतरताना पुन्हा मोजतात. एक बाटली कमी भरली म्हणून तासभर हुज्जत घालणारे आम्ही पाहिलेत, आणि तोवर बोटीत बाकीचे दहाजण बसून असतात. म्हणूनच आमचा डबा कापडात बांधून देतो, द्रोण-पत्रावळी पळसाच्या. दारू, सिगारेट, काडेपेटी घरी ठेवा. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी बोला. त्यांच्यासाठी तलावातली फेरी आहे, दत्ताचं देऊळ आहे, आणि आमची ओसरी आहे.

कास सोडलं की फोनची रेंज जाते. म्हणून साताऱ्यातच एकदा फोन करा आणि नकाशात 'बामणोली' आहे ना ते बघून घ्या. रस्त्यात उजव्या-डाव्या हाताला कासचं पठार लागलं तर बरोबर येताय. धरणाची भिंत लागली तर गाडी तिथंच थांबवा आणि लगेच कळवा. त्या दिवशी वासोटा होणार नाही, पण नेहरू उद्यान बघून, पाटणला जेवून संध्याकाळपर्यंत इकडे पोचाल. रात्रीची भाकरी तुमच्या नावानं ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बोटीला नंबर लावतो.