पालुपद पुस्तकात कसं आलं

अडीच वर्षांचं मूल मांडीवर बसलंय. पुस्तक कालचंच, परवाचंच. वाचणारा कंटाळून हळूच दोन पानं एकदम उलटतो आणि लगेच पकडला जातो. ‘बदक राहिलं!’ एकही अक्षर न ओळखणाऱ्या मुलाला नेमकं काय गाळलं ते कळलेलं असतं. मग घरातलं कुणी कौतुकानं म्हणतं, ‘बघा, वाचायला लागला.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘वाचतोय कसला, पाठ झालंय त्याला.’

हा वाद घरगुती वाटतो. पण ठेका आणि पालुपद असलेल्या चित्रपुस्तकांचा सगळा इतिहास याच वादाभोवती फिरत आलाय.

पालुपद छपाईच्या कितीतरी आधीचं आहे. लिहून ठेवायची सोय नसताना गोष्ट टिकायची तर ती जिभेवर बसायला हवी, आणि त्यासाठी ती फिरून फिरून त्याच जागेवर यायला हवी. चिऊताईच्या दाराशी आलेला काऊ एकदाच विचारून गप्प बसला असता, तर ती गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नसती. अशा साखळीच्या गोष्टी जगभर इतक्या आहेत की लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २००० पासूनचे क्रमांक त्यांच्यासाठी वेगळे काढले गेले. आपल्याकडे तर ‘वाचन’ हा शब्दच ‘वाच्’पासून, म्हणजे वाणीपासून आला. आधी तोंड, मग डोळे.

मुलांसाठीच्या छापील चित्रपुस्तकांची सुरुवात बहुतेक जण १६५८ पासून धरतात. त्या वर्षी न्यूरेंबर्गमध्ये कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं ‘ऑर्बिस सेन्स्युआलियम पिक्टस’ निघालं. ते लॅटिन शिकवायचं पुस्तक होतं, पण उघडताच समोर येतो तो प्राण्यांच्या आवाजांचा तक्ता. कावळ्याचं चित्र आणि पुढे ‘आ आ’. कोकराचं चित्र आणि पुढे ‘बेऽऽ’. त्यातून अक्षर ओळखायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थांना हे कळलं होतं की मुलाला अक्षरापर्यंत न्यायचं तर आधी ओरडू द्यावं!

पुढचा टप्पा लंडनचा. १७४४ मध्ये तिथे ‘टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक’ हा तळहातावर मावेल एवढा बडबडगीतांचा संग्रह निघाला. आज टिकून राहिलेला इंग्रजी बडबडगीतांचा सर्वांत जुना संग्रह तोच. पण तिथे गाणं पुस्तकात नुसतं उतरवून ठेवलं होतं. पान आणि ठेका यांची खरी गाठ पडली ती १८७८ मध्ये, चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉटनं ‘द हाउस दॅट जॅक बिल्ट’ हे जुनं साखळीगीत पुस्तकभर पसरवलं तेव्हा. कडव्यागणिक साखळीत नवं पात्र येतं, मागची शेपटी तशीच राहते आणि चित्रं त्या चालीनं पुढे सरकतात. पान उलटणं हाच ताल झाला. आज कुठल्याही चांगल्या चित्रपुस्तकात पान नेमकं कुठे उलटायचं यावर लेखक आणि चित्रकार डोकं खपवतात, त्याचं मूळ इथे सापडतं.

अमेरिकेत १९२८ मध्ये वांडा गागचं ‘मिलियन्स ऑफ कॅट्स’ आलं. त्यात मांजरांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर, मग लाखो-करोडोंवर चढत जाते आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा येतं. मूळ पुस्तकातली अक्षरं तिच्या भावानं हातानं काढली होती, त्यामुळे ओळही मांजरांच्या रांगेसारखी डोंगरांमधून वळत गेल्यासारखी दिसते.

तोवर एक वेगळीच मंडळी कामाला लागली होती. १९१६ मध्ये न्यूयॉर्कला लूसी स्प्रेग मिचेल यांनी मुलांच्या शिक्षणावर प्रयोग करणारी संस्था काढली. तीच पुढे बँक स्ट्रीट म्हणून ओळखली गेली. लहान मुलं खरोखर कशी बोलतात हे त्या ऐकत बसायच्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाला परीकथेपेक्षा स्वतःची खोली, दिवा, बूट यांत जास्त रस असतो आणि शब्दाच्या अर्थाआधी त्याचा आवाज भावतो, हे त्यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. त्यांच्याच तालमीत मार्गारेट वाइज ब्राउन तयार झाल्या. त्यांचं ‘गुडनाइट मून’ १९४७ चं. खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घ्यायचा, बस्स. गोष्ट म्हणावी असं त्यात काही नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं ते १९७२ पर्यंत ठेवलंच नाही, कारण तिथल्या बालविभागाच्या वजनदार माजी प्रमुखांना ते पसंत नव्हतं. पंचवीस वर्षं! मोठ्यांना जे ‘काहीच घडत नाही’ असं वाटतं, तेच लहानांना हवं असतं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

इथपर्यंत सगळा कारभार मांडीवरचा होता. मूल ऐकणार, मोठं माणूस वाचणार. शाळेत वाचन शिकवायची पुस्तकं निराळीच होती. त्यांतही पुनरावृत्ती होती, पण ती घोकंपट्टीची: पळ, पळ, बघ, बघ, पुन्हा पळ. १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात लेखक जॉन हर्सी यांनी या कंटाळवाण्या पुस्तकांवर टीका केली. त्यानंतर एका प्रकाशकानं ठरावीक सोप्या शब्दांच्या यादीतून मजेदार पुस्तक लिहून दाखवण्याचं आव्हान लेखक-चित्रकार डॉ. स्यूस यांना दिलं. १९५७ चं ‘द कॅट इन द हॅट’ त्यातून आलं. अख्ख्या पुस्तकात वेगवेगळे शब्द फक्त २३६, पण यमक आणि ठेका असा की शब्द मोजावेत हे कुणाच्या मनातही येत नाही.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, लेखक बिल मार्टिन आणि चित्रकार एरिक कार्ल यांचं ‘ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?’ आलं. प्रश्न तोच, उत्तराची घडणही तीच. बदलतो फक्त प्राणी, आणि तो पुढच्या पानावर चितारलेला असतो. दोन-तीन पानांतच मुलाच्या हाती किल्ली येते. मार्टिन यांना स्वतःला लहानपणी वाचता येत नव्हतं, ते कानानं शिकत गेले. हे पुस्तक वाचताना ते जाणवतं.

त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये डॉन होल्डवे या शिक्षणतज्ज्ञांना प्रश्न पडला होता: घरी मांडीवर तेच पुस्तक पन्नासदा ऐकलेली मुलं शाळेत सहज वाचायला लागतात, तर ही मांडी तीस मुलांच्या वर्गात आणायची कशी? उत्तर साधं होतं. पुस्तकच मोठं करायचं. स्टँडवर भलंमोठं पुस्तक, बाईंच्या हातात छडी, छडी शब्दाखालून सरकतेय आणि अख्खा वर्ग एका सुरात पालुपद म्हणतोय. होल्डवे यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं आणि ही पद्धत बऱ्याच देशांत गेली.

गडबड इथे सुरू झाली. १९६७ मध्ये केनेथ गुडमन या अमेरिकी अभ्यासकांनी वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ आहे अशी मांडणी केली होती. त्या विचारानं भारलेल्या शाळांत पालुपदाची पुस्तकं ऐकण्यासाठी न राहता वाचन शिकवण्याचं मुख्य साधन बनली. शब्द अडला? चित्र बघ, अंदाज कर. चित्र असेपर्यंत ठीक चालायचं. चित्र गेलं, साचा मोडला की मूल अडायचं. २००० मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं अक्षर-ध्वनीचं पद्धतशीर शिक्षण हवं असं सांगितलं. इंग्लंडमध्ये तर २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांची ४० शब्दांची चाचणी घेतात, त्यांतले २० शब्द मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले असतात. पाठांतर चालू नये म्हणून. गंमत अशी की बिनअर्थाचे शब्द ही बडबडगीतांची जुनीच मिरास.

मला विचाराल तर या भांडणात पुस्तकांचा काही दोष नाही. कानाच्या पुस्तकावर डोळ्यांचं काम लादलं गेलं. कानाचं काम ती उत्तम करतात. १९८६ च्या एका प्रयोगात गर्भवती स्त्रियांनी शेवटचे सहा आठवडे रोज एक मजकूर मोठ्यानं वाचला. जन्मानंतर काही दिवसांतच त्या बाळांनी, दुसऱ्या बाईच्या आवाजातही, तोच मजकूर जास्त पसंत केला. वापरलेल्या मजकुरांत ‘द कॅट इन द हॅट’ही होतं. १९८३ मध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी दाखवलं की चार-पाच वर्षांच्या वयात यमक ओळखता येणं आणि पुढचं वाचन यांचा संबंध असतो. आणि २०११ मध्ये जेसिका हॉर्स्ट व सहकाऱ्यांना आढळलं की नवे शब्द सारख्याच वेळा ऐकवले, तरी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या तीन वर्षांच्या मुलांच्या ते जास्त लक्षात राहतात.

मग पाठ म्हणणारं मूल वाचतंय की नाही? मेरी क्ले या न्यूझीलंडच्या अभ्यासकांनी १९६०च्या दशकात शाळेत नव्यानं आलेली मुलं आठवडेच्या आठवडे जवळून पाहिली. म्हणणं आणि वाचणं यांच्या मधली जागा त्यांना मुलाच्या बोटाच्या टोकाशी सापडली. देवनागरीत हे आणखी चांगलं दिसतं. ‘बदक’ या शब्दात अक्षरं तीन, पण म्हणताना ठोके दोनच. पाठ म्हणताना ठोक्यागणिक बोट एकेक अक्षर पुढे नेणाऱ्या मुलाचे शब्द संपतात तेव्हा बोट अजून ओळीच्या मध्येच असतं. ते क्षणभर कागदाकडे बघतं, वाचणाऱ्याकडे बघतं, आणि बोट परत ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवतं.