अज्ञात हॅलोजनयुक्त प्रदूषकांचा संगणकीय शोध

पाणी, माती, गाळ किंवा ऊतींच्या नमुन्यातील क्लोरीन, ब्रोमीन वा फ्लोरीन (म्हणजे हॅलोजन मूलद्रव्ये) असलेली, कोणाच्याही यादीत नसलेली सेंद्रिय संयुगे आज्ञावलीच्या (सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने हुडकण्याची पद्धत. नेहमीच्या तपासणीत प्रयोगशाळा ठरलेल्या रसायनांचीच यादी घेऊन बसते. अहवालातील ‘आढळले नाही’ याचा अर्थ यादीतले आढळले नाही, एवढाच. मराठवाड्यात नाथसागराचे पाणी पिणारे छत्रपती संभाजीनगर, वाळूजची औद्योगिक वसाहत आणि फवारणीची कपाशी हे सारे एकाच गोदावरी खोऱ्यात आहे. इथे ‘आढळले नाही’ या दोन शब्दांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

शोधाचा आधार समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू. निसर्गातील क्लोरीनपैकी सुमारे ७६ टक्के अणू ३५ वस्तुमानांकाचे आणि २४ टक्के ३७चे असतात. त्यामुळे एक क्लोरीन असलेला रेणू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणात) दोन एककांच्या अंतरावर ३:१ उंचीची दोन शिखरे देतो. ब्रोमीनची दोन शिखरे (७९ व ८१) जवळपास सारख्या उंचीची. कपाशीवरच्या प्रोफेनोफॉसमध्ये एक क्लोरीन आणि एक ब्रोमीन आहे. त्याची तीन मुख्य शिखरे साधारण ३:४:१ अशी उमटतात. रेणूचे नाव माहीत नसले तरी ही ठेवण ओळखू येते.

एका नमुन्याच्या फाइलीत अशी हजारो शिखरे असतात. आज्ञावली आधी शिखरे वेचते, मग एकाच वेळी स्तंभातून (मिश्रणातील संयुगे वेगळी करणाऱ्या नळीतून) बाहेर पडलेल्या आणि योग्य अंतर असलेल्या जोड्या जुळवते. क्लोरीनचे अंतर १.९९७, गंधकाचे १.९९६, म्हणूनच उच्च विभेदनाचे (इतका बारीक फरक वेगळा दाखवणारे) उपकरण लागते आणि शिखरांची उंचीही पडताळावी लागते. फ्रान्समधील नांत येथे तयार झालेले ‘हॅलोसीकर’ (२०१९) हे काम करते. हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आला की वस्तुमान ३३.९६१ने वाढते, या मापावर आलेख काढल्यास एकाच कुळातली संयुगे आडव्या ओळीत येतात. फ्लोरीनला मात्र एकच स्थिर समस्थानिक असल्याने जोडी मिळत नाही. तिथे ‘फ्लोरोमॅच’सारखी साधने ४९.९९७ एककांच्या (एक कार्बन व दोन फ्लोरीन यांच्या वस्तुमानाच्या) अंतराने पुन्हा पुन्हा येणारी साखळी पाहतात. नांदेड, बीडकडच्या भूजलातील फ्लोराइड हा वेगळा विषय आहे: ते अकार्बनी आयन असून त्याची चाचणी स्वतंत्र आणि स्वस्त असते.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की पाण्यातील कुजक्या सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनतात. हे १९७४ साली नेदरलँड्समध्ये दाखवले गेले. बोअरच्या पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमीनयुक्त भावंडेही तयार होतात. पण तेवढ्यासाठी टीसीएल टाळू नये. कॉलरा आणि हगवणीचा धोका कितीतरी मोठा आहे. नमुना घेताना मात्र उरलेला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारावा लागतो, नाहीतर बाटलीतच नवी संयुगे बनत राहतात.

आज्ञावली देते तो संशय. कोरा नमुना (पाणी वा माती न घालता तसाच हाताळलेला) सोबत चालवून प्रयोगशाळेतलेच प्रदूषण वगळावे लागते आणि शुद्ध प्रमाण-संयुगाशी जुळल्याखेरीज नाव पक्के होत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल कीटकनाशकात हॅलोजनच नाही, त्यामुळे ते या चाळणीतून सरळ निसटते. मूळ फाइली जपून ठेवल्यास मात्र या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पाण्यात पुढे नवे संयुग शोधता येते, पाणी केव्हाच पिऊन संपले असले तरी.