पाय दुमडले म्हणून सीट फिरवायची?

‘बाळ वर्षाचं झालं, पाय मागच्या सीटला टेकायला लागले, की कार सीट (गाडीत बाळाला बांधून बसवायची खास खुर्ची) पुढे तोंड करून लावायची.’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो जुना आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये ही मर्यादा किमान 2 वर्षांवर नेली आणि 2018 मध्ये वयाची अटच काढून टाकली. आता निकष एकच: सीटवर छापलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा ओलांडेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं. स्वीडनमध्ये तर चार वर्षांची मुलंही अशीच बसलेली दिसतात.

कारण मानेत आहे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पट्टे धड धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीत रुततात. धक्का विभागला जातो.

आणि पाय? मुलं घरी तासन्‌तास मांडी घालूनच खेळतात की! दुमडलेले पाय आपल्याला खुपतात, त्यांना नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा: चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीच लावायची नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलाला सुरक्षित न बांधल्यास 1,000 रुपये दंड आहे. ‘मांडीवर धरलंय ना’ हे उत्तर चालत नाही.